ग्वेन स्टेसी नक्की कशाने मेली? जुन्या कॉमिकवर नीट भांडायची आमची पद्धत

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे चार-पाच टाळकी जमतात, आई भजी तळते आणि एका जुन्या सुपरहिरो कॉमिकवर दोन-अडीच तास कडाक्याचं भांडण होतं. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटेल जमिनीचा वाद चाललाय. पण सुरुवातीला आमचं जे चालायचं ना त्याला चर्चा म्हणायची माझी हिंमत नाही, हल्क जिंकेल का थॉर एवढ्यावर आवाज चढायचे, मग एकजण पिक्चरमधला सीन सांगायचा, दुसरा म्हणायचा पिक्चर सोड रे मूळ कॉमिकात तसं नाहीये, आणि मूळ कॉमिक समोर कोणाच्याच नसायचं.

मग एकदा मिसळीची पैज लागली. स्पायडरमॅनचं ते मोठ्या ताकदीबरोबर मोठी जबाबदारी येते वालं वाक्य बेनकाका पीटरला, म्हणजे स्पायडरमॅनलाच सांगतो, असं आमचा एक मित्र छातीठोकपणे म्हणाला. सगळ्यांनाच तसं वाटत होतं खरं तर. म्हणून १९६२ चा अमेझिंग फँटसी अंक १५ उघडला, गोष्ट फक्त ११ पानांची आहे, आणि बेनकाका त्यात इनमिन दोन-चार वाक्यं बोलतो आणि मरतो. ते वाक्य आहे शेवटच्या चौकटीत, पीटर रात्रीच्या अंधारात एकटा चालत निघालाय आणि वर निवेदकाचा मजकूर, त्यात. कोणीच कोणाला काही सांगत नाहीये, पोराला ते खूप उशिरा एकट्यालाच कळतंय. आता सांगा, काकाने आधी बजावलं होतं आणि पोराने ऐकलं नाही ही एक गोष्ट झाली, आणि कोणीच काही बजावलं नव्हतं ही पूर्ण वेगळी गोष्ट झाली की नाही? मिसळ आम्ही खाल्ली आणि तेव्हापासून घरात नियम केला, पान उघडं असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

बाकी सगळं या एका नियमातूनच आलंय. तुम्हालाही असा ग्रुप जमवायचा असेल तर आम्ही काय करतो ते सांगतो, आणि उदाहरण म्हणून अमेझिंग स्पायडरमॅनचे १२१ आणि १२२ हे दोन अंक घेतो, १९७३ चे. ज्यांनी वाचले नाहीत त्यांनी आधी वाचून या, कारण पुढे सगळं फुटणार आहे, आणि पन्नास वर्षं होऊन गेल्यावर स्पॉयलरची तक्रार मी ऐकणार नाही.

सगळ्यात आधी अंक निवडताना हाव करू नका. नवीन ग्रुप जमला की कोणीतरी उत्साहाने म्हणतोच की आपण फँटॅस्टिक फोर पहिल्यापासून शंभरपर्यंत वाचू. नाही होत. तिसऱ्या आठवड्याला निम्मे गायब होतात. एक अंक, फार तर दोन. जुना अंक म्हणजे वीसेक पानांचा मामला, पण नीट बघायला बसलं तर तेवढ्यात रविवार संपतो.

मग बघायचं की हातात नेमकं आहे काय. याला लोक कंटाळतात पण इथेच निम्मी भांडणं मिटतात. मूळ १९७३ चा अंक आपल्यापैकी कोणाकडे असणार, आपण वाचतो ते पुस्तकात छापलेलं पुनर्मुद्रण नाहीतर स्क्रीनवर, आणि पुनर्मुद्रणात बऱ्याच गोष्टी बदललेल्या असतात. रंग नव्याने भरलेले असतात, जाहिराती गेलेल्या असतात, वाचकांच्या पत्रांचं पान बरेचदा गाळलेलं असतं, आणि कधीकधी मजकूरसुद्धा बदलतात. १२१ चंच बघा. गॉब्लिन हा खलनायक स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन हिला घेऊन ज्या पुलावर जातो तो मजकुरात जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज आहे, पण चित्रात दगडी मनोरे आणि टोकदार कमानी आहेत म्हणजे सरळसरळ ब्रुकलिन ब्रिज. वॉशिंग्टन पुलाचे मनोरे उघड्या लोखंडाचे आहेत, दोन्हीत गल्लत व्हायचं कारणच नाही. आपल्याकडे चित्रात सी लिंक काढून खाली वाशीचा पूल लिहिलं तर जसं होईल तसं. पुढे काही पुनर्मुद्रणांत तो मजकूर गुपचूप दुरुस्त केला. आता आमच्याकडे एकाच्या प्रतीत एक नाव आणि दुसऱ्याच्या प्रतीत दुसरं, दोघं अर्धा तास एकमेकाला खोटं पाडत बसले होते. दोघंही खरं बोलत होते!

माझं स्वतःचं शेण पण सांगून टाकतो. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ओरिजिनल म्हणून एक जुना अंक घेतला होता, किंमत सांगत नाही, बायको हे वाचते. कव्हर तेच, जुनी किंमत छापलेली, आतल्या जाहिराती पण जुन्याच. घरी आल्यावर वास घेतला तर नवीन कागदाचा. हुबेहूब जुन्यासारखी काढलेली नवी आवृत्ती होती, फॅक्सिमिली म्हणतात त्याला. विकत घ्यायच्या आधी प्रकाशकाचा मालकीहक्काचा बारीक मजकूर वाचायचा असतो, जुन्या अंकात तो बहुतेक पहिल्या पानाच्या तळाशी असतो, नवीन साल कुठेतरी तिथेच सापडतं. मी वाचला नव्हता. वाचायला फॅक्सिमिली उत्तमच असते हां, उलट पत्रं जाहिराती सगळं मिळतं, फक्त पैसे त्या हिशोबाने द्यावेत.

आणि तारीख. कव्हरवर जून १९७३ असेल तर तो अंक जूनमध्ये आला नाही, तो मार्चमध्येच दुकानात होता. तेव्हा कव्हरवर पुढची तारीख टाकायची पद्धत होती, दोन-तीन महिने पुढची. हे माहीत नसलं की लोक अमुक घटना झाली म्हणून तमुक गोष्ट लिहिली असे तर्क लढवतात आणि तारखाच जुळत नाहीत.

आता वाचणं. आम्ही पहिलं वाचन प्रत्येकाने आपापल्या घरी करायचं असं ठरवलंय, सलग, मध्ये फोन न बघता. दुसरं वाचन सगळे मिळून, आणि ते शब्दांशिवाय. म्हणजे बोलण्याचे फुगे आणि मजकूर सोडून फक्त चित्रं बघत जायची, सुरुवातीला आम्ही चक्क कागदाचे कपटे ठेवायचो फुग्यांवर, आता सवय झालीये. ऐकायला बावळटपणा वाटतो पण करून बघा.

याची मजा कळायला सगळ्यात चांगला अंक म्हणजे स्पायडरमॅनचा ३३ वा, १९६६ चा, चित्रकार डिट्कोने काढलेला. पाण्याखालच्या अड्ड्यात स्पायडरमॅन एका अजस्र यंत्राखाली अडकलाय, मे काकूचा जीव वाचवणारं औषध समोरच पडलंय आणि हात पोचत नाहीये, वरून पाणी गळतंय. कपटे ठेवा आणि बघा. सुरुवातीला चौकट त्याला दाबून टाकते, यंत्राचं वजन वरून खाली येतंय असं कागदावरच वाटतं. तो प्रयत्न करतो, कोसळतो, परत करतो, काकू आणि बेनकाका यांचे चेहरे त्याला दिसतात, आणि जसजसं यंत्र उचललं जातं तसतशा चौकटी मोठ्या होत जातात, आणि मग पान उलटलं की अख्खं पान एकच चित्र, यंत्र वर, तो खाली उभा. म्हणजे त्याने फक्त यंत्र नाही उचललं, त्याने चौकटी पण ढकलून लांब केल्या. यातला एक शब्द वाचलेला नसताना माझ्या मावसबहिणीने, जिने आयुष्यात कॉमिक हातात घेतलं नव्हतं, श्वास सोडला तो आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

चौकटींमधल्या पांढऱ्या फटीला गटर म्हणतात, नाला नव्हे, आमच्याकडे यावर एक जोक झाल्याशिवाय रविवार जात नाही. दोन चौकटींमध्ये जे दाखवलेलं नाही ते वाचणारा स्वतः त्या फटीत घडवतो. त्यामुळे एखाद्या प्रसंगावर वाद झाला की आधी विचारा, हे दाखवलंय का मी फटीत घडवलंय? लक्षात ठेवा, १२१ मध्ये हाच प्रश्न येणार आहे.

इथे एक धोक्याची सूचना. आपल्यातल्या बऱ्याच जणांची कॉमिकची ओळख इंद्रजालमधल्या वेताळापासून झाली, आणि हे चौकटी मोजायचं वेड लागलं की माणूस उत्साहात तेही अंक काढून बसतो. पण वेताळ मूळचा अमेरिकन वर्तमानपत्रातल्या रोजच्या पट्ट्यांमधला, १९३६ पासूनचा, त्या आडव्या पट्ट्या कापून जोडून आपल्याकडे पानं बनवायचे. त्यामुळे इंद्रजालच्या पानाची मांडणी बघून चित्रकाराने काय कमाल केली म्हणू नका, ती कमाल असलीच तर इंद्रजाल छापणाऱ्या टाइम्सच्या ऑफिसातल्या कात्रीवाल्याची. वेताळ वाचावा तो पट्टीच्या लयीत, दर तीन-चार चौकटींनी एक छोटा धक्का.

मग श्रेयाची चौकट, कोणी लिहिलं कोणी काढलं ती. हिच्याकडे लोक बघतच नाहीत आणि सरसकट लेखक स्टॅन लीने असं केलं तसं केलं म्हणून मोकळे होतात. साठच्या दशकात मार्व्हलमध्ये काम कसं व्हायचं तर लेखक आणि चित्रकार गोष्ट ढोबळ ठरवायचे, कधी दोन पानी टिपण, कधी नुसतं फोनवर, मग चित्रकार घरी बसून अख्खा अंक पेन्सिलने काढून आणायचा, कुठे किती चौकटी, कोण कुठे उभा, प्रसंग कसा वाढवायचा हे सगळं तोच ठरवणार, आणि त्यानंतर लेखक त्या चित्रांवर संवाद लिहिणार. याला मार्व्हल पद्धत म्हणतात. १९६६ च्या फँटॅस्टिक फोरमध्ये गॅलॅक्टसची गोष्ट आहे, अंक ४८ ते ५०, त्यातला सिल्व्हर सर्फर ठरवलेल्या गोष्टीत नव्हताच, चित्रकार जॅक कर्बीने पानं काढून आणली तेव्हा स्टॅन लीला त्यात फळीवर उभा एक चकचकीत माणूस दिसला. एवढं मोठं पात्र, आणि लेखकाला ते पेन्सिलीत पहिल्यांदा भेटलं! डिट्कोचं तर असं की अंक २५ पासून कथानकाचं श्रेय त्याला छापून मिळायला लागलं आणि तोपर्यंत त्याचं आणि लीचं बोलणं जवळपास बंद झालेलं, ३८ नंतर तो सोडूनच गेला. म्हणजे वर जे यंत्र उचलायचं वर्णन केलं ते बहुतांश डिट्कोचं डोकं, शब्द लीचे. म्हणून आमच्याकडे लेखकाने दाखवलंय असं कोणी म्हटलं की बाकीचे ओरडतात, कोणत्या?

१२१ मध्ये लेखन गेरी कॉनवेचं, त्याचं वय तेव्हा २०, हो वीसच, पेन्सिल गिल केनची आणि शाई जॉन रोमिटा आणि टोनी मॉर्टेलारो यांची. शाईवाल्याला हलकं समजू नका. शरीरं बघा, मागे झुकलेली, खालून बघितल्यासारखी, ती केनची, केनला नाकपुड्या खालून काढायचा भारी नाद होता, पण चेहरे मात्र रोमिटाचे वाटतात कारण शेवटचा हात त्याचा फिरलाय. आणि कोणाला मारायचं यावर बोलणं चाललेलं तेव्हा मे काकूचं नाव पुढे होतं, रोमिटा म्हणाला काकूला मारून काय होणार, ग्वेनला मारा.

आता मुख्य पान.

ग्वेन पुलाच्या मनोऱ्यावर बेशुद्ध पडलीये, स्पायडरमॅन आणि गॉब्लिनची मारामारी, गॉब्लिन तिला खाली ढकलतो, स्पायडरमॅन जाळं सोडतो, जाळं तिच्या पायाला चिकटतं, ती पाण्याच्या वर थांबते. तो खूश, वर ओढता ओढता स्वतःचीच पाठ थोपटतोय. वर आल्यावर कळतं ती मेलेली आहे. आता ज्या चौकटीत जाळं तिला पकडतं तिथे परत जा आणि डोळे बारीक करून बघा. एक आवाज पायापाशी आहे, जाळं चिकटल्याचा. आणि दुसरा तिच्या मानेपाशी, इतका बारीक की पहिल्या वाचनात माझ्या लक्षातच आला नव्हता. स्नॅप. कट्कन काहीतरी मोडल्यासारखा.

कॉमिकमध्ये आवाज साधारणपणे ओरडतात, भिंत पडली की अर्धं पान अक्षरांनी भरतं. इथे कॉमिकमधला सगळ्यात मोठा आवाज सगळ्यात लहान अक्षरात काढलाय. आणि मार्व्हल पद्धत आठवा, चित्र आधी, शब्द आणि आवाज नंतर. म्हणजे चित्रकाराने नुसतं एक पकडणं काढलं होतं, मान मागे गेलेली मुलगी, आणि नंतर लेखकाने त्यावर चार अक्षरं ठेवली आणि वाचवणाऱ्याचा मारणारा झाला. ती चार अक्षरं पुसा, गोष्ट बदलते. आम्ही खरंच कपटा ठेवून बघितलं.

यावर आमच्याकडे तीन पार्ट्या पडल्या. एक म्हणते ती आधीच मेली होती, बेशुद्ध दाखवलीये पण शुद्धीत असल्याची एकही खूण पुलावर नाही. दुसरी गॉब्लिनच्या बाजूची, कारण तो अंकातच म्हणतो की इतक्या उंचावरून पडताना माणूस खाली पोचायच्या आधीच मरतो. तिसरी हिसक्याची, म्हणजे जाळ्याने एकदम थांबवलं म्हणून मान मोडली.

असं झालं की कोणीतरी इंजिनियर कागद मागतोच, आणि मागू द्या, मजा येते. ब्रुकलिन पुलाचे मनोरे पाण्यापासून साधारण ८४ मीटर. समजा ती ८० मीटर पडली, म्हणजे चार सेकंद, आणि शेवटी वेग ताशी १४० किलोमीटरच्या वर. जाळ्याने तिला अर्ध्या सेकंदात थांबवलं असं धरलं तर शरीरावर तिच्या वजनाच्या नऊपट ताण, आणि सेकंदाच्या दहाव्या भागात थांबवलं असेल तर चाळीसपट. शिवाय पकडलंय पायाला, डोकं मोकळं. लोकल अचानक थांबली की उभ्या माणसाची मान काय होते ते आपल्याला माहितीये, हे त्याचं काहीच्या काही पट. जेम्स काकालिओस नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने हेच गणित शिकवायला वापरलंय आणि निष्कर्ष हिसक्याच्याच बाजूचा आहे. गॉब्लिनचं म्हणणं तर सरळ बाद होतं, विमानातून उड्या मारणारे याच्यापेक्षा किती तरी जास्त वेळ पडत असतात आणि खाली येऊन चहा पितात.

पण गणिताने वाद संपवू नका. ज्या जगात कोळी चावून माणूस भिंतीवर चढतो तिथे इतर दोनशे लोकांना जाळ्याने झेललंय तेव्हा कोणाची मान मोडली नव्हती. गणिताचा उपयोग एवढाच की तुमचं मत शक्य आहे का ते कळतं. अंकाला काय म्हणायचंय ते पानावरच शोधावं लागतं.

आणि पानावर म्हणजे पत्रांच्या पानावरसुद्धा. जुन्या अंकांच्या शेवटी वाचकांची पत्रं छापायचे, स्पायडरमॅनच्या पत्रांच्या पानाचं नाव द स्पायडर्स वेब, आणि तिथे लोक आपल्यासारखेच भांडायचे, चुका काढायचे, संपादक टोमणे मारत उत्तरं द्यायचे. ग्वेन मेल्यावर वाचक प्रचंड भडकले. मग अंक १२५ च्या पत्रांत संपादकांकडून, तेव्हा रॉय थॉमस होता, उत्तर आलं की जाळ्याने एकदम थांबवल्यामुळे बसलेल्या हिसक्यानेच ती मेली, आणि स्पायडरमॅनपुढे तिला वाचवायचा दुसरा मार्गही नव्हता. तिसऱ्या पार्टीने त्या दिवशी जिलबी आणली.

पण मी दुसऱ्या बाजूने बोलतो हां, संपादकाने चार अंकांनंतर पत्रात सांगितलं म्हणून ते गोष्टीत आलं का? गोष्टीत स्पायडरमॅनला तो बारीक आवाज ऐकूच आलेला नाही. तो शेवटपर्यंत गॉब्लिनलाच खुनी धरून चालतो. आपल्याला माहीत आणि त्याला माहीत नाही, माझ्या मते त्या अंकाचा जीव इथे आहे, आणि पत्रातलं उत्तर कितीही खरं असलं तरी त्या फटीत हात घालून ती थोडी बुजवतंच. यावर आमच्यात अजून एकमत नाही.

त्या काळच्या वाचकाला काय माहीत होतं आणि काय नव्हतं हेही बघत जा. ग्वेन मरणार हे आज शेंबडं पोर सांगतं, पण तेव्हा हिरोची प्रेयसी मरत नसे, संपलं. अंकाच्या पहिल्या पानावर नावच नाहीये गोष्टीचं, ते थेट शेवटच्या पानावर येतं, म्हणजे नाव वाचेपर्यंत तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. कव्हरवर सगळ्या जवळच्या माणसांचे चेहरे आणि यांच्यातलं कोणीतरी मरणार एवढंच. हे समजून घ्यायला पुढच्या गोष्टी, क्लोन वगैरे भानगडी, त्या रविवारी बाहेर ठेवायच्या. चपला काढतो तशा दाराबाहेर.

मागच्या गोष्टी मात्र आत घ्याव्या लागतात. १२१ मध्ये गॉब्लिन परत का जागा होतो? नॉर्मन ऑसबर्न आपण गॉब्लिन होतो हे १९६६ च्या अंक ४० मध्ये विसरलेला असतो, आणि इथे त्याचा मुलगा हॅरी ड्रग्जमुळे अंथरुणाला खिळलाय, धंद्यात खोट आलीये, त्या ताणाने डोकं फिरतं. हॅरीचं ड्रग्ज प्रकरण सुरू झालं अंक ९६ ते ९८ मध्ये, १९७१ ला. ते अंक मिळाले तर कव्हर बघा, वरच्या कोपऱ्यात जो कॉमिक्स कोडचा शिक्का असायचा तो तिथे नाहीये. १९५४ पासून अमेरिकेत कॉमिक छापणाऱ्यांनी स्वतःच स्वतःवर नियम घालून घेतले होते, सरकार आणि पालक मागे लागले म्हणून, त्यात ड्रग्ज दाखवायचेच नाहीत असा प्रकार होता, वाईट म्हणूनसुद्धा नाही. सरकारच्या आरोग्य खात्याने स्टॅन लीला लिहिलं की मुलांना ड्रग्जचे तोटे कळतील असं काहीतरी करा, त्याने केलं, शिक्का मिळेना, त्याने शिक्क्याशिवाय छापलं. त्याच वर्षी नियम सैल झाले. तेव्हा एखाद्या जुन्या अंकात अमुक का दाखवलं नाही म्हणून लेखकाला शिव्या घालण्याआधी शिक्का बघा आणि साल बघा.

रंगांचंही तेच. हल्क १९६२ च्या पहिल्या अंकात राखाडी होता. दुसऱ्यात हिरवा. यात खोल अर्थ शोधणारे मी बघितलेत, राग निसर्ग मत्सर वगैरे, पण त्या छपाईत राखाडी नीट येत नव्हता, एका पानावर फिका एका पानावर काळपट, म्हणून बदलला. मोजके ठरलेले रंग, स्वस्त कागद, जे नीट छापून येईल ते घ्यायचं. हे कळल्यावरही गॉब्लिनचा हिरवा-जांभळा आणि समोर लाल-निळा हिरो यावर बोला, खुशाल बोला, पण छपाईच्या नंतर बोला.

चर्चेत एक तरी माणूस असा हवा ज्याचा या पात्रांवर जीव नाही. आमच्यात ती मावसबहीण. आम्ही स्नॅपवर तासभर भांडत होतो आणि ती शांतपणे पानं उलटत म्हणाली, अरे पण ग्वेन स्वतः किती बोलते या अंकात? मोजा की. मोजलं. आकडा सांगत नाही, तुम्हीच मोजा, पण पुलावर ती एक शब्द बोलत नाही, डोळे उघडत नाही, तिला आपण मरतोय हे कळतही नाही. गॉब्लिनचं दुःख आहे, स्पायडरमॅनचं दुःख आहे, मरणारीचं काहीच नाही. हिरोला दुःख व्हावं म्हणून बाई मारायची ही पुढे कॉमिकमध्ये सवयच लागली, १९९९ मध्ये गेल सिमोनने अशा बायकांची यादीच काढली होती, पुढे ती स्वतः नावाजलेली लेखिका झाली. आमच्यातल्या एकाला हे फार लागलं, त्याचा तो लाडका अंक. अर्धा तास तो बोललाच नाही. नंतर म्हणाला, लाडका आहेच, पण तू म्हणतेस ते पण आहे. अंक आवडणं आणि अंकातलं खटकणं दोन्ही एका वेळी चालतं, त्यासाठी कोणाला गप्प करायची गरज नाही, आणि ज्याला गोष्ट नवीन आहे त्याला एवढंही माहीत नाही का म्हणून हिणवलंत तर तो पुढच्या रविवारी येणार नाही आणि मोजणार कोण.

एकजण लिहायला ठेवा. मत नाही, फक्त पान नंबर, चौकट नंबर आणि काय दिसतं. आमच्या वहीत १२२ च्या शेवटच्या पानापुढे सगळ्यात जास्त खरडलंय. गॉब्लिन आपल्याच ग्लायडरने मेलाय, पीटर घरी येतो, त्याची मैत्रीण मेरी जेन तिथे बसलेली, नेहमीची हसरी उडाणटप्पू पोरगी, आणि तो तिच्यावर खेकसतो, तुला कोणाच्या मरणाचं काय, जा. ती उठते, दारापर्यंत जाते, चेहरा रडवेला. दार उघडं आहे. ती थांबते. आणि पुढे ती दार लावून घेते, आतून. तिथे परत एक आवाज आहे, दाराच्या कडीचा, बारीक अक्षरात, आधीच्या अंकातल्या स्नॅपएवढाच लहान.

ते कोणी बघितलं माहितीये? भजी द्यायला आलेल्या आईने. पुस्तक उघडं होतं, तिने खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाली, थांबली का ती? बरं झालं.